सोलो म्हणजे काय रे भाऊ?

चाहत्याला अल्बमबद्दल मत विचारू नये; तो आरती म्हणतो. जपानी गायिका माकी गोतो १९९९ साली, तेराव्या वर्षी 'मॉर्निंग मुसुमे' या मुलींच्या ग्रुपमध्ये आली आणि त्यांचं 'लव्ह मशीन' दहा लाखांवर खपलं. मार्च २००१ मध्ये तिची पहिली स्वतंत्र सिंगल आली. पहिला सोलो अल्बम मात्र थेट फेब्रुवारी २००३ मध्ये. नावातच एकचा आकडा, म्हणजे पुढचे हप्ते येणार ही सूचना आगाऊच दिलेली.

मधल्या काळात भक्तांनी एकेक सिंगल घेऊन कपाट भरलं होतं. त्यातलीच कितीतरी गाणी अल्बमात पुन्हा हजर! कालचीच भाजी, वर ताजी कोथिंबीर. तरी चाहता डोळे मिटून म्हणतो, "पण सगळी एकत्र ऐकण्यात वेगळीच मजा!" अहो, कपाटात ती एकत्रच होती की.

अल्बमातली बहुतेक गाणी ग्रुपचा निर्माता त्सुंकुची, ग्रुपची गाणीही त्याचीच. मग सोलो ते काय? तर फोटोत बाकीच्या मुली नाहीत.

आवाज गोड आहे, नाही म्हणत नाही. पुढे दोन आणि तीनचे आकडेही आले. दोन्ही माझ्याकडे आहेत.