स्वस्त पुस्तकाचा संशय

वैद्यकीय प्रवेशाच्या ‘नीट’ परीक्षेच्या तयारीत सगळ्यात संशयास्पद वस्तू कोणती, तर स्वस्त पुस्तक. ७२० पैकी ३६० गुण जीवशास्त्राचे आणि त्यासाठी एनसीईआरटीची अकरावी-बारावीची पुस्तकं घोटून पाठ करा, हे क्लासवालेही सांगतात. फक्त फीचा पहिला हप्ता भरल्यावर. ती पुस्तकं एनसीईआरटीच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात. पण फुकटात शिकलेल्या मुलाच्या आईबापांनी नातेवाइकांना तोंड कसं दाखवायचं? म्हणून घरात क्लासच्या मॉड्यूलचा गठ्ठा येतो. गुळगुळीत कागद, मुखपृष्ठावर स्टेथोस्कोप अडकवलेली हसरी मुलगी, आत एनसीईआरटीचीच वाक्यं, मधला एकेक शब्द गाळून ‘रिकाम्या जागा भरा’ केलेली. पुण्यात अप्पा बळवंत चौकात असले गठ्ठे पुढे अर्ध्यामुर्ध्या किमतीत सापडतात. जीवशास्त्र पिवळ्या हायलायटरने माखलेलं, भौतिकशास्त्र मात्र कोरं करकरीत, पेन्सिलची रेघही नाही. ते कोरं डोळे झाकून घ्या. छपाईचं साल तेवढं बघा: २०२४च्या परीक्षेपासून अभ्यासक्रमातले बरेच घटक वगळले आहेत, त्यांचे पैसे देऊ नका.