हातचा शून्य

नऊ एके ओळीने मांडून त्या संख्येचा वर्ग केला, की उत्तर येतं १२३४५६७८९८७६५४३२१. सतरा आकडी संख्या तोंडपाठ म्हणून चारचौघांत भाव खाणारे आमच्यासारखे लोक एवढंच लपवतात, की ती बालवाडीतलं पोरही म्हणून दाखवील. वर आम्ही अंकांची बेरीजही ऐकवतो: ८१, म्हणजे आठ नि एक नऊ! इथे हटकून कुणीतरी गाडीच्या नंबराची बेरीज काढायला घेतं. नऊसाठी आरटीओत जादा पैसे मोजणारी माणसं आहेत. ४१४१ची पाटी ‘दादा’ अशी रंगवून घेणारेही आहेत, पण दादांची बेरीज दहा, म्हणजे शेवटी एकच. नऊवाल्यांच्या हिशेबी दादा कच्चे. खरं तर दहा, शंभर, हजार, कशालाही नऊने भागलं तरी बाकी एकच उरते, म्हणून नऊच्या पटीतल्या संख्येची बेरीज फिरून नऊवर येते. १ ते ९९९९मध्ये असे ११११ नंबर आहेत. म्हणजे दर नवव्या गाडीचं नशीब फळफळायला हवं. खड्ड्यांना मात्र हे कुणी कळवलेलं दिसत नाही.

जाणकार म्हणतील, अंकांची रांग हे संख्येचे नुसते कपडे. बोटं बारा असती तर हीच संख्या वेगळी दिसली असती. तिचे खरे गुण मूळ अवयवांत, म्हणजे ३चा चौथा घात, ३७चा वर्ग आणि ३३३६६७चा वर्ग यांत. मान्य, पण अर्धंच. गुणाकार कागदावर मांडून पाहा. नऊ एक्यांच्या नऊ ओळी, प्रत्येक ओळ एक घर डावीकडे सरकलेली. उभ्या रकान्यांत एक, दोन करत मधल्यात नऊ एके जमतात आणि पुढे तसेच उतरतात. कुठेच हातचा येत नाही, म्हणून डोंगर शाबूत. बारा बोटांच्या जगातही नऊ एक्यांचा वर्ग असाच लिहिला जाईल. आपल्याकडे दहावा एक घातला, की मधल्या रकान्यात दहा होतात, हातचा डावीकडे घुसतो आणि चढावरचा आठ गिळून १२३४५६७९००९८७६५४३२१ असं काहीतरी होतं. डोंगराची उंची बोटांनी ठरते, घडण नाही.

अशा संख्यांना ‘डेम्लो’ हे नाव दिलं द. रा. कापरेकरांनी, कल्पना सुचली त्या तेव्हाच्या जीआयपी रेल्वेवरच्या स्टेशनावरून, म्हणजे आजच्या डोंबिवलीवरून. डोंबिवलीने याचा साधा गर्वही करू नये, याचा राग येतो. देवळालीच्या या शाळामास्तरांचं काम इथल्या विद्वानांनी करमणुकीत काढलं. १९७५मध्ये मार्टिन गार्डनर यांनी अमेरिकेत त्यांच्यावर लिहिलं, तेव्हा त्यांचं नाव जगभर झालं आणि मास्तर सत्तरीला टेकले होते. हा पोरखेळ, असं अजूनही कुणी म्हणतं. म्हणू दे. मास्तरांना पगार पोरांना शिकवण्याचाच मिळत होता.