तात्यांची हरकत

देवगड तालुक्यात प्रत्येक वाडीला एक तात्या असतो. कुठे त्याला भाऊ म्हणतात, कुठे आबा, पण माणूस तोच. डोक्याला पांढरी टोपी आणि काखेत कापडी पिशवी. पिशवीत सातबारा, आठ-अ, मोजणीच्या नकाशाची झेरॉक्स आणि रबर लावलेल्या पोस्टाच्या पोचपावत्या. तो समोरून येताना दिसला की तलाठी चहाला जातो आणि ग्रामसेवक मोबाइल कानाला लावतो.

तात्यांचे वाक्य ठरलेले. "माझी एक हरकत आसा."

ही हरकत कशालाही असते. पुतण्याच्या होमस्टेच्या सेप्टिक टँकला असते, देवळाच्या नव्या पत्र्यांना असते. एकदा ग्रामसभेने निवृत्त मुख्याध्यापकांच्या अभिनंदनाचा ठराव केला. तात्यांनी स्वतः टाळ्या वाजवल्या आणि मग उठून सांगितले, "सर्वानुमते ह्या काढा. माका कोणी इचारूक नाय." काढावे लागले. आजही इतिवृत्तात तो शब्द खोडलेला आहे आणि बाजूला सरपंचांची सही आहे.

हे शिक्षण त्यांना कुठल्या विद्यापीठाने दिले नाही. सख्ख्या भावाशी बांधावरून चाललेल्या दाव्याने दिले. कोकणातल्या माणसाला कायदा कळतो तो एका हापूसच्या कलमापायी. झाड माझ्या हद्दीत, फांदी तुझ्या हद्दीत, तर पडलेला आंबा कोणाचा, या प्रश्नावर तात्यांनी तारखा घेतल्या, साक्षी दिल्या आणि नोटिशीतले स्वल्पविरामसुद्धा तपासायची सवय लावून घेतली.

मग तालुक्यात कोळसा आला. म्हणजे येणार होता. देवगडच्या जांभ्याखाली कोळशाचा खडाही नाही, कितीही खणा. पण केंद्र सरकारने २००५ साली प्रत्येकी ४,००० मेगावॅटच्या अतिविशाल वीजप्रकल्पांची योजना काढली, आणि त्यातल्या एकासाठी विजयदुर्गजवळचे गिर्ये निवडले. कोळसा बोटीने परदेशातून यायचा आणि जळायचा हापूसच्या शेजारी. बागायतदार उठले. सभा झाल्या, मोर्चे निघाले. मोहोरावर राख बसली तर फळ धरेल का, यावर नाक्यानाक्यावर चर्चा झडल्या. तात्या मोर्चात कमी आणि तलाठ्याकडे जास्त दिसत.

प्रकल्प उभा राहिला नाही. श्रेय प्रत्येक पक्षाने घेतले. तात्यांचे मत वेगळे आहे, आणि मला ते अगदीच टाकाऊ वाटत नाही. त्यांच्या मते कोकणचा खरा संरक्षक सामायिक सातबारा. एका गुंठ्यावर अठ्ठावीस नावे, त्यातली निम्मी परळ-लालबागची, चार कैलासवासी, आणि उरलेले एकमेकांशी बोलत नाहीत. "कंपनी दोन भावांका एका कागदार सही करूक लावून दाखवूदे," तात्या म्हणतात, "मी माझी बाग फुकट देतंय."

पलीकडे राजापूर तालुक्यात, माडबनला, मे २०१० मध्ये जैतापूर अणुप्रकल्पाची जनसुनावणी झाली. तात्या नुसते ऐकायला गेले आणि नवे शास्त्र घेऊन आले. पर्यावरण आघात मूल्यांकनाची १४ सप्टेंबर २००६ची अधिसूचना त्यांना तेव्हापासून पाठ आहे. सुनावणीची सूचना निदान तीस दिवस आधी. अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत. सबंध कामकाजाचे चित्रीकरण. गणपूर्तीची अट नाही, म्हणजे समोर एकटे तात्या असले तरी सुनावणी भरते! हे कळल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर जे तेज आले ते मुलीच्या लग्नातही नव्हते, असे काकी सांगतात. २०१७ साली नाणारच्या रिफायनरीत राजापूरच्या चौदा गावांबरोबर देवगडची गिर्ये आणि रामेश्वर ही दोन गावेही धरली, तेव्हा तात्यांची पिशवी फाटेस्तोवर भरली. मार्च २०१९ मध्ये ती जमिनीची अधिसूचना रद्द झाली, आणि तात्यांना चक्क करमेनासे झाले.

त्यात त्यांना पेपरात सापडले की केंद्राने मे २०२२ मध्ये चालू कोळसा खाणींना सवलत दिली आहे. आधी चाळीस टक्के वाढीची मंजुरी घेतलेल्या खाणीला काही अटींवर ती वाढ पन्नास टक्क्यांवर नेता येईल, तीही नव्या सुनावणीशिवाय. तालुक्यात खाण नसताना तात्यांना झोप लागली नाही. "अरे, बांध कोण एका रातीत सरकवता काय? दरसाल वीतभर. धा वर्सांनी तुझो माड त्याच्या वाडीत, आणि तो तुका इचारता, हय कित्याक इलंस?"

कोळसा खात्याचे धोरण इतक्या थोडक्यात मी दुसरीकडे वाचलेले नाही.

पुढच्या वर्षी, जुलै २०२३ मध्ये, नागपूरजवळच्या गोंडखैरीत अदानी समूहाच्या भूमिगत कोळसा खाणीची जनसुनावणी लागली. गावकऱ्यांचा विरोध होता. संत्र्याचा मुलूख, भीती विहिरी आटायची. तात्यांनी संत्र्याला भाऊबंद मानले. भूमिगत खाणीत कोळशाचे खांब ठेवून छप्पर तोलतात, शेवटी ते खांबही काढले की वरची जमीन खचू शकते, आणि खाण कोरडी ठेवायला उपसलेल्या पाण्यापायी विहिरींची पातळी उतरू शकते, हे त्यांनी दहावीतल्या नातवाकडून मोबाइलवर वाचून घेतले. मग फुलस्केप कागदावर हरकत लिहिली. पहिला मुद्दा: 'खाण वरून दिसत नाही, याचा अर्थ ती वरच्यांना लागत नाही असा धरू नये.' कागद रजिस्टर पोस्टाने गेला. पोचपावती पिशवीत.

सुनावणीनंतर त्यांनी नागपुरात नोकरीला असलेल्या भाच्याला फोन लावला.

"झाली रे सुनावणी?"

"झाली म्हणतात मामा. लोकांनी जोरात विरोध केला."

"ता जावंदे. शेवटाक इतिवृत्त मराठीत वाचून दाखवल्यानी काय?"

"मी नव्हतो तिथे. मला काय ठाऊक?"

"मगे जाऊन इचार. आणि वाचूक नसल्यानी तर कागद-पेन घेऊन बस, मी सांगतंय तसा लिही."

"मामा, मी बँकेत आहे. गिऱ्हाइकं उभी आहेत."

"बँकेत? बरा झाला. तुमच्या बँकेबद्दलय माझी एक हरकत आसा."