गुलमोहराला शाल

"वहिनी, ऐकलं का? कोपऱ्यावरच्या भाऊंनी काल रात्री गुलमोहराच्या रोपाला सुनेची शाल गुंडाळली."

"काय सांगता माई! लग्नातली?"

"तीच. सकाळी सूनबाईंनी चहा दिला, पण साखर घालायच्या विसरल्या म्हणे."

"बरोबरच आहे! पण भाऊंचंही काय चुकलं? पुण्याहून आलेला माणूस, निफाडची थंडी त्याला काय माहीत? २०१८च्या डिसेंबरात कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात पारा दोन अंशांच्याही खाली गेला होता."

"एवढं करून शेंडा करपलाच. करपणारच! शाल वर गुंडाळली आणि बुंध्याशी सुतळीनं आवळून टाकली. अहो, झाडाला कुठली आलीय अंगची ऊब? ऊब जमिनीत. दिवसा ऊन खाल्लेली माती रात्री ती सोडते. कापड तंबूसारखं पार जमिनीपर्यंत सोडलं, तरच ती आत कोंडते."

"आमच्या ह्यांनी चार बांबू रोवून वर गोणपाट टाकलंय. पानाला टेकू द्यायचं नाही म्हणतात. प्लास्टिकचा कागद तर नकोच. पानाला लागतो तिथंच पान काळं पडतं."

"आणि सकाळी काढता ना? नाहीतर ऊन मातीत शिरणार कसं?"

"काढते की. रोवायला हे, काढायला मी! वर पाणीही मीच घालायचं, तेही दिवसाउजेडी. ओली माती कोरडीपेक्षा जास्त ऊब धरते ना. आळ्यातला पालापाचोळासुद्धा सध्या बाजूला ओढलाय, त्याच्याखाली ऊब अडकून राहते."

"द्राक्षवाले बघा ना, पहाटे उठून ठिबक सोडतात, बागेत शेकोट्या पेटवतात. मणी तडकले की वर्षाची कमाई गेली."

"पण माई, बातमीत तर चार अंश सांगितले होते. चाराला कुठं दव गोठतं?"

"तो आकडा माणसाच्या छातीएवढ्या उंचीवरचा. आभाळ निरभ्र असलं, वारा पडलेला असला, की जमिनीलगत त्याहून तीन-चार अंश कमीच. आपली रोपं गुडघ्याएवढी, ती सापडतात त्यातच."

"भाऊंनी तर दिवाळीनंतर युरियाही टाकला होता! लुसलुशीत पालवी फुटली, येणाऱ्या-जाणाऱ्याला बोलावून दाखवत होते."

"तीच पहिली गेली असणार. थंडीच्या तोंडावर कोवळी फूट काढायचीच नाही."

"आता कात्री शोधतायत, काळं पडलेलं छाटायला."

"अगंबाई, थांबवा त्यांना! आत्ता छाटलं की नवी फूट येईल आणि पुढच्या लाटेत तीही जळेल. थंडी पुरती सरू दे. मग नखानं साल जराशी खरवडायची, आत हिरवं दिसलं तर फांदी जिवंत. जिथपर्यंत मेलीय, तिथपर्यंतच कापायची."

"आणि त्यांचा चाफा? पानं गळाली म्हणून रोज बादलीभर पाणी ओततात."

"कुजेल की तो! हिवाळ्यात चाफा पानं टाकतोच. तुम्हीच सांगा त्यांना."

"मी? तुमचं घर जवळ."

"माझ्याशी बोलणं बंद आहे. त्यांच्या टाकीचं पाणी आमच्या ओट्यावर येतं, एवढंच म्हटलं होतं मी. तुम्हीच जा, जाताना एक जुनं गोणपाट घेऊन जा. आणि हो, हॉलमध्ये नवा सोफा आलाय म्हणतात. किती माणसांचा आहे, तेवढं बघून या."