वॉरंटी खालसा

झाशीच्या सदर बाजारात माणसाची पत गाडीवरून ठरत नाही. गाडी काय, बँक देते. पत ठरते ती गाडी बिघडल्यावर तो ती कुठे नेतो यावरून. कॅन्टोन्मेंटातल्या या बाजारात संध्याकाळी चाटच्या ठेल्यापाशी उभे राहा. मर्सिडीजवाला आणि बीएमडब्ल्यूवाला समोरासमोर आले की मुलाबाळांची चौकशी अर्ध्या मिनिटात आटोपते आणि मुद्द्याचा प्रश्न येतो, "सर्विस कहाँ कराते हो, भाईसाहब?" उत्तर ‘कंपनी में’ असं आलं की विचारणारा अदबीने टिक्कीचा दोना पुढे करतो. ‘एक मिस्त्री है अपना’ असं आलं तर टिक्की तो स्वतःच खातो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी हळूच फोन करून त्या मिस्त्रीचा नंबर मागतो.

‘कंपनी में’ म्हणजे बहुतेकांच्या बाबतीत लखनौला, सुमारे ३०० किलोमीटर. ज्यांची सासुरवाडी नोएडाची आहे ते दिल्लीला जातात, चारशेच्या वर. म्हणजे ऑइल बदलण्यासाठी जाऊन-येऊन सहाशे किलोमीटर आणि एक मुक्काम. पण माणसं हौसेने जातात. आम्ही झाशीचे मराठी लोक पेशवाईपासून लांबच्या स्वाऱ्यांना सरावलेले आहोत, त्यामुळे तक्रार करत नाही. शिवाय तिथे गेल्यावर जो मान मिळतो तो घरात कोण देतं?

हा मान जवळून पाहण्यासारखा असतो. दारातच एक तरुण हातात टॅब घेऊन गाडीभोवती प्रदक्षिणा घालतो आणि प्रत्येक ओरखड्याचा फोटो काढतो. मालकाला सोफ्यावर बसवतात, कॅपुचिनो देतात. तासाभराने सर्विस ॲडव्हायझर शेजारी येऊन बसतो आणि आवाज खाली आणून म्हणतो, "सर, मागच्या ब्रेक पॅडची लाइफ ३५ टक्के राहिली आहे."

"म्हणजे अजून चालतील ना?"

"चालतील सर. पण आम्ही रेकमेंड करतो."

या ‘रेकमेंड’पुढे भले भले आडवे होतात. ज्या गृहस्थाने भाजीवाल्याशी दोन रुपयांसाठी अर्धा तास हुज्जत घातलेली असते, तो टॅबवर बोटाने सही करतो आणि वर ‘थँक यू’ म्हणतो. बिल तीन पानी येतं. पहिल्या पानावर ऑइल आणि फिल्टर, म्हणजे ज्यासाठी आलो ते. दुसऱ्यावर एसी डिसइन्फेक्शन, थ्रॉटल बॉडी क्लीनिंग, अंडरबॉडी कोटिंग. तिसऱ्यावर एक ओळ असते, ‘कन्झ्युमेबल्स’. म्हणजे हात पुसलेली चिंधी. ती आपली असते, पण घरी न्यायला मिळत नाही.

आता दुसरा पंथ. झाशी हे काही यंत्राला बिचकणारं गाव नव्हे. मालडब्यांच्या दुरुस्तीचं रेल्वेचं वर्कशॉप इथे १८९५ पासून आहे. पुढे भेलचा कारखाना आला, ट्रान्सफॉर्मर बनवू लागला. गल्लीगल्लीत कोणाचे तरी आजोबा वर्कशॉपातून रिटायर झालेले आहेत आणि जगातलं कुठलंही यंत्र उघडलं की बंद करता येतं, अशी त्यांची श्रद्धा नातवाकडे आली आहे. अशाच एखाद्या नातवाने पत्र्याच्या शेडमध्ये जर्मन गाड्या उघडायला घेतलेल्या असतात. तो कॅपुचिनो देत नाही. कुल्हडमधला चहा देतो आणि विचारतो, "जेन्युइन डालें, ओईएम डालें, कि मायापुरी का?" मायापुरी म्हणजे दिल्लीचा भंगारबाजार. अपघातात गेलेल्या गाड्यांचे अवयव तिथे मिळतात आणि अवयवदानाचा फॉर्म भरावा लागत नाही.

या मिस्त्रीचं सगळं ब्रीद ‘टेंशन मत लो’ या तीन शब्दांत आहे. टेन्शन घ्यायची वेळ आली, हे ओळखण्याची खूणही तीच. पण त्यांच्यातही दोन जाती आहेत आणि इथे जरा थांबून बघायला हवं. बीएमडब्ल्यूची बॅटरी बदलायची आहे, असं समजा. एक मिस्त्री पाना घेतो, जुनी काढतो, नवी बसवतो, गाडी सुरू करून दाखवतो आणि पैसे घेतो. दुसरा नवी बसवल्यावर हात पँटला पुसतो, कोपऱ्यात तडकलेला टॅब काढतो, स्टिअरिंगखालच्या पोर्टमध्ये केबल खुपसतो आणि बॅटरी नवी आहे हे गाडीला कळवतो. न कळवल्यास गाडी नव्या बॅटरीला जुनीच समजून चार्ज करत राहते आणि ती अकाली जाते. पहिल्याकडे पुन्हा वर्ष-दीड वर्षाने जावं लागतं. गाडी नेणाऱ्याला दोघेही ‘उस्ताद’च.

शोरूमपंथी लोकांचा ठाम समज असा, की लखनौच्या डब्यातला फिल्टर जर्मनीच्या राजवाड्यात विणतात. खरं तर फिल्टर मानचा किंवा माहलेचा, सेन्सर बॉशचा, सस्पेन्शनचे भाग लेमफोर्डरचे. यातला बराच माल मोटार कंपनीच्या डब्यात (हा ‘जेन्युइन’) एका भावाने आणि बनवणाऱ्याच्या स्वतःच्या डब्यात (हा ‘ओईएम’) दुसऱ्या भावाने मिळतो. पुठ्ठा महाग झाला आहे, दुसरं काय! बीएमडब्ल्यूच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्समधलं ऑइल ‘लाइफटाइम’ आहे, ते बदलायचंच नाही, असं शोरूम सांगत आलं. तो गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ कंपनी मात्र ८०,००० ते १,२०,००० किलोमीटरच्या दरम्यान ते बदला म्हणते. लाइफ कोणाचं धरायचं, गाडीचं की वॉरंटीचं, हे विचारायला कॅपुचिनो संपेपर्यंत सुचत नाही.

खरी भीती वॉरंटीची. बाहेरच्या मिस्त्रीने बॉनेट जरी उघडलं तरी वॉरंटी गेली, असं कानात सांगितलं जातं. झाशीला ही भाषा नवी नाही. इथले राजे गंगाधरराव नेवाळकर यांनी मृत्यूच्या आदल्या दिवशी मुलगा दत्तक घेतला, तोही कंपनीच्या अधिकाऱ्यांदेखत, कागदपत्रं करून. २१ नोव्हेंबर १८५३ ला महाराज गेले. मग डलहौसीसाहेबांचा निर्णय आला. त्याचा मथितार्थ आज कुठल्याही सर्विस ॲडव्हायझरला तोंडपाठ असतो : काम आमच्या मंजुरीने झालेलं नाही, सबब क्लेम नामंजूर. १८५४ साली संस्थान खालसा झालं. राणीला दरमहा ५,००० रुपये तनखा देऊ केला (हल्ली याला ‘गुडविल’ म्हणतात) आणि त्यातूनही दिवंगत राजाचं कर्ज वळतं करण्याचा हिशेब मांडला. कन्झ्युमेबल्स तेव्हाही होते.

आता निदान दाद मागायला जागा आहे. भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. त्यांत मारुती, टाटा, महिंद्रा होत्या, तशा मर्सिडीज आणि बीएमडब्ल्यूही होत्या. सुटे भाग आणि तपासणीची साधनं आपल्याच अधिकृत विक्रेत्यांपुरती ठेवायची आणि बाहेरच्या मिस्त्रीला हात हलवत बसवायचं, हा ठपका. बाहेर दुरुस्ती केली एवढ्यावरून सरसकट वॉरंटी रद्द करू नका, मिस्त्रीने काही बिघडवलं तर तेवढ्यापुरती जबाबदारी नाकारा, असंही आयोगाने बजावलं. अमेरिकेत असा कायदा १९७५ पासून आहे. आपल्याकडे निकालानंतर रीतसर अपिलं झाली आणि वकिलांच्या गाड्यांची सर्विस वेळेवर होऊ लागली. २४ डिसेंबर २०२२ ला, म्हणजे ग्राहक दिनी, केंद्र सरकारने ‘राइट टू रिपेअर’चं पोर्टलही काढलं. ट्रॅक्टर, मोबाइल आणि फ्रिजबरोबर त्यात मोटारगाड्याही आहेत. सदर बाजारात याची खबर कोणाला आहे म्हणाल, तर मिस्त्रीला आहे. मालकाला नाही.

गाडी घेताना मात्र मराठी माणसासारखा हुशार कोणी नाही. ऑक्टोबर २०१० मध्ये औरंगाबादकरांनी एकजूट करून एकदम १५० मर्सिडीज घेतल्या, सुमारे ६५ कोटींच्या, आणि घाऊक खरेदीच्या जोरावर भाव पाडून घेतला. देशभर बातमी झाली. मर्सिडीज चाकणला जोडतात, ऑडी तर त्याच औरंगाबादच्या, आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या, शेजारी शेंद्र्याला. माल घरचा, गिऱ्हाईक घरचं, घासाघीसही घरची. सर्विसिंगच्या दिवशी मात्र तोच माणूस एकटा सोफ्यावर बसतो आणि ‘सर’ म्हटलं की विरघळतो.

शोरूमवाले अगदीच लुटारू, असंही नव्हे. एअरबॅगचा रिकॉल आला तर तो तिथेच होतो, तोही फुकट. सॉफ्टवेअर अपडेट, हरवलेल्या किल्लीचं कोडिंग, तेही तिथेच बरं. सर्विसची नोंद आता पुस्तकात नसून कंपनीच्या संगणकात असते, आणि गाडी विकायला काढली की गिऱ्हाईक आधी ती मागतं. पत्र्याच्या शेडमध्ये कितीही चोख काम झालं तरी ते तिथे उमटत नाही. दत्तकपत्र खरं असून मान्य नसणं, यातलाच हा प्रकार.

तेव्हा निवाडा असा. वॉरंटी चालू असेपर्यंत निमूट लखनौला जा आणि कॅपुचिनो दोनदा मागा, पैसे भरलेलेच आहेत. ‘रेकमेंड’ ऐकलं की पॅड उघडून दाखवायला सांगा, किती मिलिमीटर उरले ते विचारा. वॉरंटी संपली की स्वतःचा स्कॅनर असलेला मिस्त्री शोधा, ऑइलचा ग्रेड कंपनीच्या मॅन्युअलमधला आहे का ते डब्यावर वाचा, नवा पार्ट तुमच्यासमोर डब्यातून काढायला लावा आणि जुना डिकीत टाकून घ्या. ‘आमची पॉलिसी नाही’ म्हणणारं शोरूम आणि ‘वो तो फेंक दिया’ म्हणणारा मिस्त्री, या दोघांचं गोत्र एकच आहे. आणि बिल घ्या, पक्कं, जीएसटीचं, पार्टच्या नंबरसकट. वाद ग्राहक आयोगापर्यंत गेला तर तिथे ‘टेंशन मत लो’ पुरावा म्हणून दाखल करून घेत नाहीत.