श्रीपेरुंबुदूरच्या नवशिक्यासाठी इलेक्ट्रॉनिकी : अधिकार, विधी आणि निषेध

चेन्नईहून बंगळूरच्या महामार्गाने सुमारे ४० किलोमीटर गेल्यावर लागणारे श्रीपेरुंबुदूर हे परंपरेनुसार इ.स. १०१७ मध्ये जन्मलेल्या रामानुजाचार्यांचे जन्मगाव आहे. तेथेच २००६ पासून नोकिया, २००७ पासून सॅमसंग, आणि तसेच फॉक्सकॉन यांचे कारखाने उभे राहिल्याने, या गावी इलेक्ट्रॉनिकीचा अभ्यास आरंभणाऱ्याने तो भाष्यकारांच्या शिस्तीनेच आरंभावा, म्हणजे अधिकारी, विषय, संबंध आणि प्रयोजन हे चार अनुबंध आधी ठरवून घ्यावेत, हे उचित ठरते. या विद्येचा अधिकारी तो, जो पदविका पदरात पाडून पुणे, नाशिक किंवा नांदेडहून रेल्वेने चेन्नईस उतरला आहे आणि ज्याला रोधक व धारित्र यांतील भेद परीक्षेच्या दिवसापर्यंत निश्चित ठाऊक होता. विषय म्हणजे सुटे भाग. संबंध असा की, अधिकाऱ्याची आणि विषयाची प्रत्यक्ष भेट सहसा होत नाही, ज्याची मीमांसा पुढे येईल. प्रयोजन पगार हे असून त्याविषयी कोणत्याही संप्रदायात मतभेद आढळत नाही.

प्रथम धारा. विद्युतधारा म्हणजे विद्युतभाराचा ओघ, विभवांतर म्हणजे त्या ओघामागचा रेटा आणि रोध म्हणजे त्याला होणारी आडकाठी. गेओर्ग ओहम या जर्मन अध्यापकाने १८२७ साली या तिघांचे नाते एका ओळीत बांधले, ती ओळ अशी की विभवांतराला रोधाने भागले असता धारा मिळते. धारेची दिशा मात्र श्रद्धेचा विषय आहे. बेंजामिन फ्रँकलिन यांनी अठराव्या शतकाच्या मध्यास धन आणि ऋण ही नावे अंदाजाने वाटून दिली, आणि १८९७ साली जे. जे. टॉमसन यांना सापडलेला इलेक्ट्रॉन नेमका ऋण निघाल्याने तारेतील खरी वाटचाल उलट दिशेने होते हे सिद्ध झाले. परंतु तोवर पुस्तके छापून झाली होती. म्हणून जिज्ञासूने बाण धनाकडून ऋणाकडेच काढावा आणि इलेक्ट्रॉनांना त्यांच्या वाटेने जाऊ द्यावे.

धारा वाहण्यासाठी वाट कोठेही न तुटता मूळ जागी परत यावी लागते, आणि अशा अखंड वाटेस परिपथ म्हणतात. ही वाट तोडणारी साधने दोन. फ्यूज एकदा वितळला की पुन्हा जुळत नाही, तर स्विच हवा तेव्हा तोडता आणि जोडता येतो. प्रयोगशाळा उपलब्ध नसल्यास गावाचा इतिहास पाहावा : करविवादात सापडलेला नोकियाचा कारखाना १ नोव्हेंबर २०१४ रोजी बंद पडला तो त्या नावाने पुन्हा सुरू झाला नाही, उलट सॅमसंगच्या कामगारांनी २०२४ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात महिन्याहून अधिक काळ काम थांबवले आणि नंतर ते पुन्हा जोडले. यांतील स्विच कोणाच्या हाती असतो, हा प्रश्न विद्युतशास्त्राच्या कक्षेत येत नाही.

रोधक हा सुट्या भागांत सर्वांत निरुपद्रवी, आणि म्हणून नवशिक्याने त्याच्यापासून सुरुवात करावी. त्याला दोन पाय असतात, ते कोणत्याही बाजूने जोडले तरी चालते, आणि त्याची किंमत अंगावरच्या रंगीत पट्ट्यांत लिहिलेली असते. इंग्रजी पुस्तकांत या रंगांसाठी नाना वाक्ये पाठ करवतात. मराठी विद्यार्थ्याला त्यांची गरज नाही, कारण प्राथमिक शाळेतील तानापिहिनिपाजा हा मंत्र त्याला येतोच. त्यातील पारव्याला कामावरून कमी करावे, उरलेल्या तांबडा, नारिंगी, पिवळा, हिरवा, निळा आणि जांभळा यांना अनुक्रमे २ ते ७ हे अंक द्यावेत, पुढे काळा ० आणि तपकिरी १ यांना बसवावे, मागे करडा ८ आणि पांढरा ९ यांना उभे करावे, म्हणजे विद्या संपली. पहिल्या दोन पट्ट्या अंक सांगतात, तिसरी त्यांपुढील शून्यांची संख्या सांगते. तेव्हा पिवळा, जांभळा, तांबडा म्हणजे ४७०० ओहम. चौथी पट्टी सोनेरी असेल तर रोधक शेकडा ५ पर्यंत आणि रुपेरी असेल तर शेकडा १० पर्यंत खोटे बोलू शकतो, आणि हे तो स्वतःच्या अंगावर लिहून फिरतो, हा प्रामाणिकपणा इतर क्षेत्रांत विरळा.

याच खोटेपणाच्या मर्यादेतून एक चमत्कारिक रीत निघाली आहे, जी न जाणणारा दुकानात हमखास उघडा पडतो. शेकडा १० ची सवलत धरली तर १० आणि १०० यांच्यामध्ये बारा पायऱ्या पुरतात, त्या १०, १२, १५, १८, २२, २७, ३३, ३९, ४७, ५६, ६८ आणि ८२ अशा असून त्यांत ५० नाही. म्हणून ५० ओहमचा रोधक मागू नये. ४७ चा मागावा, आणि तो मागताना चेहऱ्यावर सवयीचा कंटाळा असावा.

येथवरची विद्या श्रीपेरुंबुदूरमध्ये उपयोगी पडत नाही. तेथील फोनांच्या कारखान्यांत जो रोधक येतो त्याला पाय नसतात आणि पट्ट्याही नसतात; सर्वसाधारण आकाराचा नग लांबीला १ मिलिमीटर आणि रुंदीला त्याच्या निम्मा, म्हणजे राजगिऱ्याच्या दाण्यापुढेही बारीक असतो, आणि त्याहून लहान नगही वापरात आहेत. तो कागदी फितीच्या रिळातून दहा-दहा हजारांच्या संख्येने येतो, यंत्राचे नळकांडे त्याला हवेच्या ओढीने उचलते, पाटीवर आधीच छापलेल्या डाखाच्या लेपावर ठेवते, आणि पुढे भट्टीतून जाताना तो लेप वितळून नग जागी घट्ट बसतो. जुन्या डाखात कथलाबरोबर शिसे असे आणि तो १८३ अंश सेल्सिअसला वितळे. शिसे विषारी म्हणून गेले, त्याजागी चांदी व तांबे अल्प प्रमाणात आले आणि भट्टीला २१७ अंशांच्या वर जावे लागले. या सर्व विधीत मनुष्याचे मुख्य कर्तव्य म्हणजे पाटीजवळ न शिंकणे.

दुसरे कर्तव्य मनगटाचे. कोरड्या हवेत पॉलिएस्टर घासून माणसाच्या अंगावर स्थिर विद्युत साठते, आणि ३००० व्होल्टच्या आसपास जाईपर्यंत ती त्याला जाणवतही नाही, तर काही नाजूक भाग १०० व्होल्टच्या आतच मरतात, तेही आवाज न करता आणि पुष्कळदा ग्राहकाच्या घरी गेल्यावर. चेन्नईची घामट हवा या बाबतीत हितकारक असली तरी कारखान्यातील वातानुकूलन तिचे हित काढून घेते, म्हणून मनगटाला पट्टा बांधून अंग जमिनीशी जोडावे लागते. त्या पट्ट्यात १० लाख ओहमचा रोधक असतो. चुकून २३० व्होल्टच्या तारेला हात लागला तरी अंगातून मिलिअँपिअरचा चौथा हिस्साही जाऊ नये, एवढ्यासाठी. ओहमचे समीकरण प्रत्यक्ष उपयोगी पडल्याचे हे ठिकाण जिज्ञासूने आदराने पाहावे, कारण दुसरे लवकर दिसणार नाही.

ट्रान्झिस्टर पाहण्याचा हट्ट तर धरूच नये. १९४७ च्या डिसेंबरात अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत बार्डीन आणि ब्रॅटन यांनी बनवलेला पहिला ट्रान्झिस्टर बोटांत धरण्याजोगा होता. छोट्या विद्युत-संकेताने मोठी धारा आवरणारा हा भाग १९५८ पासून इतरांसह एकाच चिपेवर कोरला जाऊ लागला, आणि २०२३ मध्ये श्रीपेरुंबुदूरला जुळू लागलेल्या आयफोन १५ च्या मुख्य चिपेत तो सुमारे १६०० कोटी वेळा आहे. ही चिप तैवानातून तयार होऊन येते. गावात ती फक्त बसवली जाते.

कारखान्याच्या फाटकावर आपल्या फोनच्या कॅमेऱ्याला चिकटपट्टी लावतात, ती लावू द्यावी. तिरुकोष्टियूरच्या गुरूंनी गुप्त ठेवण्यास सांगितलेला मंत्र रामानुजाचार्यांनी गोपुरावर चढून सर्वांना ऐकवला, अशी कथा आहे. परंतु त्यांनी गोपनीयतेच्या करारावर सही केलेली नव्हती.

एवढ्याने ज्याची जिज्ञासा शमत नाही, त्याने सुट्टीच्या दिवशी पूनमल्लीमार्गे चेन्नईला जाऊन अण्णा सालईलगतची रिची स्ट्रीट गाठावी, जी सुट्या भागांच्या बाजारात मुंबईच्या लॅमिंग्टन रोडची धाकटी बहीण आहे. जेथे रिळेच्या रिळे रिती होतात त्या गावच्या रहिवाशाने एक रोधक घेण्यासाठी ४० किलोमीटर जावे, यात विसंगती शोधू नये; कारखान्याच्या फाटकावर एक नग मागून पाहिल्यास ती आपोआप विरून जाते. रिची स्ट्रीटला तांबडा एलईडी, ९ व्होल्टची बॅटरी आणि रोधक घ्यावा. एलईडी हा एकाच दिशेने धारा जाऊ देणारा व जाताना प्रकाश देणारा डायोड होय. त्याचा लांब पाय धनाकडे जोडावा. तो सुमारे २ व्होल्ट स्वतःकडे ठेवतो, उरलेल्या ७ व्होल्टना २० मिलिअँपिअरने भागता ३५० ओहम येतात, आणि ३५० हा आकडा बारा पायऱ्यांत नसल्याने ३९० चा घ्यावा. रोधक न लावता एलईडी थेट बॅटरीला जोडल्यास तो क्षणभर अत्यंत तेजस्वी दिसतो, आणि हा अनुभव ज्याने घेतला नाही तो नवशिका अजून दीक्षित झालेला नाही.

आता फलश्रुती. जो हे प्रकरण वाचून दिवाळीला गावी जाईल, त्याच्याकडे आत्या, मामी आणि शेजारच्या काकू मिक्सर, इस्त्री, रिमोट आणि मंद फिरणारा पंखा घेऊन येतील, आणि तो आयफोन बनवतो म्हणून ते दुरुस्त करील असे मानतील. अशा वेळी त्याने गंभीरपणे ‘कंडेन्सर गेला’ असे म्हणावे. कंडेन्सर म्हणजेच धारित्र, विद्युतभार साठवून ठेवणारा भाग. मिक्सर आणि इस्त्रीबाबत हे निदान बहुधा चुकेल, पण छताचा पंखा मंद झाला असेल तर ते पुष्कळदा खरे ठरते. त्याने मेन स्विच बंद करून, जुन्या धारित्रात भार उरलेला असू शकतो म्हणून त्याच्या तारांना हात न लावता, त्यावरचा आकडा वाचावा. तो बहुतेक २.५ मायक्रोफॅरड असेल, आणि तसा नवा कोपऱ्यावरच्या विजेच्या दुकानात मिळतो.