अमावस्या कुणाची कशी

आमच्या लातूरच्या गल्लीत बँकेत बदलून आलेले एक तमिळ साहेब राहायचे. त्यांच्या भिंतीवर रोज एक पान फाडायचं कॅलेंडर. पानावर देवाचं चित्र कमी आणि वेळाच फार: राहुकाल, यमगंड, नल्ल नेरम. राहुकाल सोमवारी साडेसात ते नऊ, शनिवारी नऊ ते साडेदहा, अशी रोजची दीड तासाची भानगड. तेवढ्या वेळात साहेब नव्या फाईलला हात लावत नसत. बुधवारचा राहुकाल मात्र बारा ते दीड, म्हणजे जेवायच्या सुट्टीच्या आसपास. राहूलाही बँकेचं वेळापत्रक ठाऊक असावं.

आमचं पंचांग खुंटीला टांगलेलं, बहुतेक सोलापूरच्या दात्यांचं. लग्नाची तिथी काढायची नसेल तर ते खाली उतरतं पाडव्याला. देवळात गुरुजी वाचतात, माणसं पारावर बसून ऐकतात, आणि संवत्सरफल, राजा, मंत्री हे सगळं कसंबसं सोसून एकाच गोष्टीसाठी कान टवकारतात: मृगाच्या पावसाचं वाहन काय? सूर्यनक्षत्रापासून चंद्रनक्षत्रापर्यंत मोजायचं, नवानं भागायचं, बाकी उरेल ते जनावर. एक उरला तर घोडा, दोन कोल्हा, तीन बेडूक, सात म्हैस, आठ गाढव. काहीच उरलं नाही तर हत्ती. बेडूक, म्हैस, हत्ती निघाले की मंडळी खूश. कोल्हा निघाला की कुणीतरी हमखास म्हणतं, "त्याला काय कळतंय पावसातलं!" आणि तोच गडी जूनमध्ये पेरायच्या आधी गुरुजींना पुन्हा विचारून येतो.

2016 साली पाडवा 8 एप्रिलला होता. दुष्काळ असा की चार दिवसांनी मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला आली. त्या उन्हाळ्यात पावसाआधी पाण्यालाच वाहन मिळालं. तरीही पुढच्या पाडव्याला लोक पारावर हजर.

साहेबांचं आणि आमचं खरं वाजलं ते अमावस्येवरून. त्यांनी नवी मोटारसायकल अमावस्येलाच घेतली. त्यांच्याकडे तो दिवस चांगला, पितरांचा आशीर्वाद असलेला. आमची आजी लिंबू-मिरची घेऊन फाटकाशी उभी. "अवो साहेब, आज अमुशा हाय," ती कळवळून सांगत होती, आणि साहेब हसून मान डोलवत होते. त्यांना वाटलं, म्हातारी मुहूर्ताची दाद देतेय.

आजीचं म्हणणं तरी किती टिकावं? मार्गशीर्षात येळवस आली की हीच अमावस्या लातूरला सणाची होते. जिल्हाधिकारी स्थानिक सुट्टी देतात, बाजार ओस पडतो, ज्याला शेत नाही तो मित्राच्या शेतात. कडब्याची कोप, तिच्यात चुन्यानं रंगवलेले पाच पांडव, डेऱ्यात आंबील, शेजारी भज्जी आणि बाजरीचे उंडे. तिकडे नांदेड जिल्ह्यात माळेगावला आदल्या दिवसापासून खंडोबाची यात्रा. घोडे, उंट आणि ज्यांच्या नावानं पावसाला नाकं मुरडतो ती गाढवं तिथं चांगल्या भावानं विकली जातात.

एका साली येळवस सोमवारी आली. आम्ही सात वाजताच जीपमध्ये. साहेब नऊनंतर निघाले, शेतावर पोचले तेव्हा भज्जी उकळत होती. आजीनं तांब्याभर आंबील पुढं केली आणि विचारलं, "तुमच्या त्या कागदावर आता काय वाजल्यात?" साहेबांनी घड्याळ पाहिलं, आणि तांब्या घेतला.